मुजम्मिलचे आठ दिवस

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. कोणाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या, माझी तक्रार नाही. हे खोटं ठरलं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

आज बुधवार, पाच जून २०२४. सकाळचे साडेअकरा.

बाळापूरच्या एसटी स्टँडवर बसून मी हे मोबाईलवर लिहितोय. इथून दहा मिनिटांवर एका बाईंचं घर आहे. त्यांना मला एक वाक्य सांगायचंय. फक्त एक. हिंमत होत नाहीये, म्हणून आधी सगळं लिहून काढतो.

मी शुभंकर. अकोल्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. आईबाबांचं घर अमरावतीला. आई, रमा, गेल्या वर्षी मे महिन्यात गेली.

आई दर रविवारी मला एक व्हिडिओ पाठवायची. स्वयंपाकघरात लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मेथी निवडत बोलायची आणि बाबा समोर फोन धरून उभे राहायचे. सुरुवात ठरलेली, "शुभ्या, जेवला का?" मग गल्लीतल्या सगळ्या बातम्या. असे चौसष्ट व्हिडिओ होते. खरं सांगतो, ती असताना त्यातले निम्मे मी पुढे ढकलत ढकलत पाहिले.

ती गेल्यावर बाबांचं बोलणंच बंद झालं. रोज दुपारी तिचा फोन हातात घेऊन बसायचे. स्क्रीन बोटभर, डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा चुकून एक व्हिडिओ त्यांच्या हातून पुसला गेला, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणून मी ठरवलं, बाबांना घरात सर्व्हर बनवून द्यायचा. म्हणजे फार काही नाही. एक जुना कॉम्प्युटर, त्यात दोन मोठ्या हार्ड डिस्क. सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्यात ठेवायचे आणि टीव्हीवर पाहायचे. मला अकोल्यातूनही दिसणार. एका डिस्कवर जे असेल तेच दुसऱ्या डिस्कवर आपोआप उमटतं. एक बिघडली तरी आई दुसरीवर शाबूत.

बारा मेला वर्षश्राद्ध होतं. नातेवाईक जमायच्या आत मला आई टीव्हीवर आणायची होती.

एक डिस्क माझ्याकडे होती. त्याच मापाची दुसरी कुठे मिळेना. ऑनलाइन मागवली तर आठवडा लागणार होता.

नऊ मेला, गुरुवारी दुपारी, मी मुजम्मिलच्या दुकानात गेलो.

मुजम्मिल अकोल्यात टिळक रोडमागच्या गल्लीत जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, विकतो. माणूस सरळ. त्याच्याकडे हवी तशी डिस्क होती, पण ती त्याने द्यायला नकार दिला. तीन दिवसांपूर्वीच कोणीतरी विकून गेलं होतं. डिस्कवर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव... जैनबबी, बाळापूर. खाली फोन नंबर.

"सर, आठ दिवस आपण डिस्कले हात लावत नाई," तो म्हणाला. "घरात मयत झाली रायते, कोणी भाचा सामान विकून टाकते. मांगून कोणाले तरी आठवते. माणूस फिरून येतेच. आठ दिवसानं मी सोता फोन करतो, मंगच पुसतो."

मी म्हटलं, रविवारी आईचं वर्षश्राद्ध आहे. तो नाहीच म्हणाला. तेवढ्यात जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजची वेळ झाली. पाच मिनिटं दुकान बघा सर, म्हणाला आणि गेला.

मी ती डिस्क लावून पाहिली.

एकच फोल्डर. नाव तुबा. आत दोनशे बारा व्हिडिओ.

एक उघडला. सहा-सात वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात पडलेले. तिने कॅमेऱ्याजवळ तोंड आणलं, एक वाक्य म्हणाली आणि खुदकन हसली. दहा सेकंदांचा व्हिडिओ. ती काय म्हणाली ते शेवटी सांगतो, कारण तेच वाक्य घेऊन मी इथे आलोय.

माझी मुलगी अदितीही सात वर्षांची आहे. मला कळायला हवं होतं. कळलंही.

तरी मी बटण दाबलं.

मुजम्मिल परत आला तेव्हा डिस्क कोरी होती. त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, मी बाईंना फोन केला होता, त्या पुसा म्हणाल्या. मी कॉलेजात शिकवणारा माणूस, माझ्यावर विश्वास ठेवला त्याने.

रविवारी आई टीव्हीवर आली. सगळ्या मावश्या रडल्या. बाबा वर्षभरात पहिल्यांदा हसले. मला एवढा अभिमान वाटला की आईचा फोन तिथेच पूर्ण रिकामा करून मी अदितीला खेळायला देऊन टाकला. सगळं सर्व्हरवर आहे ना.

अदिती आणि माझी बायको चारुता सुट्टीसाठी अमरावतीलाच थांबल्या. मी अकोल्याला परतलो.

मंगळवारी दुपारी तीनला बाबांचा फोन आला.

"शुभ्या, रमाचा आवाज काहून नाही येऊन राहिला?"

टीव्हीचा आवाज बंद झाला असेल, असं म्हणून बाबा पाहत होते तोच व्हिडिओ मी अकोल्यातून लावला.

कुकरची शिट्टी ऐकू आली. पंख्याची घरघर ऐकू आली. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तोही ऐकू आला.

आईचे ओठ हलत होते...

आवाज नव्हता.

मध्येच बाबांचा आवाज आला, फोन धरून उभे असलेल्या तेव्हाच्या बाबांचा. "हो, सांगतो त्याले." ते कोणाला उत्तर देत होते ते मला दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं.

फाइल खराब झाली असेल, असं मी म्हटलं. पण खराब फाइल असं निवडून एकाच माणसाचा आवाज खात नाही. हे मी मुलांना शिकवतो.

गुरुवारी तोच व्हिडिओ पुन्हा लावला.

लाल खुर्ची होती. मेथीची जुडी होती. पंखा फिरत होता...

खुर्चीत कोणी नव्हतं.

दुसऱ्या डिस्कवर पाहिलं. तिथेही तेच. जे एकीवर, तेच दुसरीवर. मीच तशी जोडली होती. दोन्हीकडे सारखं दिसतं त्याला दुसरी प्रत म्हणू नका, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि बाहेर एकही प्रत न ठेवता आईचा फोन मी माझ्या हाताने पुसला होता. माझ्या फोनमधलेही मी कधीच काढून टाकले होते, जागा अडते म्हणून.

रोज आणखी काही व्हिडिओ जात होते. क्रम एकच. आधी आवाज. तिसऱ्या दिवशी माणूस.

शनिवारी अमरावतीला जाऊन मी ती डिस्क काढली आणि मुजम्मिलकडे धावलो. काही परत मिळतं का बघ, म्हणणार होतो.

दुकानात एक म्हातारी बाई स्टुलावर बसली होती.

मुजम्मिल माझ्याकडे न बघता म्हणाला, "नानी, हेच ते सर."

जैनबबी. भाच्याने त्यांना न विचारता घरातला कॉम्प्युटर विकला होता. तुबा त्यांची नात. गेल्या पावसाळ्यात तापाने गेली.

"तुमी मले फोन केला म्हणे," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, लागला नव्हता. मुजम्मिलने मान खाली घातली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात धरला.

"बेटा, पुसाच्या आंधी तुमी ऐकलं का काही? काय बोलली ती? येवढंच सांगा. मले तिचा आवाज आठवून नाई राहिला."

मी ऐकलं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात लख्ख होतं. पण ऐकलं म्हणालो तर बघून-सवरून पुसलं हे कबूल करावं लागलं असतं, मुजम्मिलसमोर.

मी म्हणालो, "नाही. मी काहीच पाहिलं नाही."

त्यांनी हात सोडला.

"आंधी आवाजच गेला होता तिचा," त्या पदराकडे बघत म्हणाल्या. "मंग तिसऱ्या दिवशी ती गेली."

एवढंच. शिव्या नाहीत, शाप नाही. मुजम्मिलने डिस्क तपासून परत दिली. म्हणाला, यात काहीच बिघाड नाही सर.

मेअखेर बाकीच्या त्रेसष्टही व्हिडिओंमध्ये नुसती खुर्ची उरली. बाबा तरी रोज दुपारी लावायचे. मी गेलो तेव्हा टीव्हीकडे बघत म्हणाले, "शुभ्या, रमाचा आवाज कसा होता रे?"

मी आठवायला गेलो. आईच्या जागी मला त्या मुलीचं वाक्य ऐकू आलं. दुसरं काही येतच नव्हतं.

मी जैनबबींची डिस्क हातोड्याने फोडली. दुसरी नाल्यात टाकली. सुटलो असं वाटलं.

परवा, सोमवारी दुपारी चारुताने फोन केला. अदितीचा गॅदरिंगमधला कवितेचा व्हिडिओ चारुताच्या फोनवर आहे. त्याचा सर्व्हरशी काही संबंध नाही, तो मी तिथे कधी टाकलाच नव्हता.

टाळ्या ऐकू येतात, म्हणाली. शाळेतल्या बाईंचा आवाज येतो. पोरीचा येत नाही.

काल मंगळवारी सकाळी अदिती उठली आणि तिने चारुताला हाक मारली...

ओठ हलले.

डॉक्टर म्हणतात, घसा बसलाय, बर्फगोळा बंद करा. ताप नाही. पोर पाटीवर लिहून पाणी मागते. सगळे मला वेड्यात काढतात.

उद्या तिसरा दिवस आहे.

म्हणून आज मी इथे आलोय. पाय धरीन, सगळं कबूल करीन आणि तुबाचं ते वाक्य त्यांना परत देईन. माझ्याकडे त्यांचं तेवढंच उरलंय. सकाळी अकोल्याहून येताना बसमध्ये ते मी मनात घोकत होतो. हे लिहायला बसलो तेव्हाही पाठ होतं. शेवटी सांगतो असं वर लिहिलंय, बघा.

आता दीड वाजलाय. तासभर झाला आठवतोय.

मुलगी दिसते. पडलेले दात दिसतात. ती कॅमेऱ्याजवळ तोंड आणते...

ओठ हलतात.