मिक्सर बिघडवून द्याल का?

जळलेल्या मोटरीचा वास आधी दुकानात शिरला आणि गिऱ्हाईक मागून. ठिणगीला मान वर करायचीही गरज वाटली नाही. हातातल्या पंख्याची वायर सोलता सोलता ती म्हणाली, "मोटर गेली. वाइंडिंग करावं लागेल. ठेवा तिथे."

"ठेवतो, पण… कोणता ठेवू? माझ्याकडे दोन नग आहेत."

तिने वर पाहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. काखेत मिक्सर, आणि छातीशी कापडी झोळीत बांधलेलं बाळ. तरुणाच्या कपाळावर, चष्म्यावर, कॉलरवर केशरी शिंतोडे उडाले होते. बाळाच्या टोपड्यावरही तेच होते, आणि बाळ ते बोटाने निपटून चाखत होतं.

"गाजर?" तिने विचारलं.

"गाजर," त्याने गुन्हा कबूल केला. "उकडलेलं, गरमागरम. भांड्यात घातलं, झाकण घट्ट लावलं, बटण दाबलं…"

"आणि वाफेने झाकण उडालं."

"सगळं छताला! ते पुसायला मी स्टुलावर चढलो, तर खाली एक कच्चा तुकडा पात्यात अडकून बसलेला. मोटर नुसतीच घरघरत राहिली."

"तुम्ही काम काय करता?"

"शाळेत भूगोल शिकवतो."

"ज्वालामुखी शिकवता?"

"आठवीला."

"मग झाकणाखाली वाफ कोंडली की काय होतं, ते एखाद्या आठवीतल्या पोराला विचारायचं होतं ना, मास्तर!"

गिऱ्हाइकाला हसायचं नाही, हा दुकानाचा जुना नियम. तो तिने त्या दिवशी बिनदिक्कत मोडला. गंमत म्हणजे मास्तरही हसले. आणि हसताना त्यांचा चष्मा नाकावरून खाली घसरला, हे तिने उगाचच पाहून ठेवलं.

"हिची आई रागावली असेल," ती म्हणाली. हे वाक्य तिने फार सहज म्हटलं, असं तिला वाटलं.

"ताई? ताई हसून हसून खाली बसली. मी हिचा मामा."

मामा! हा शब्द ठिणगीने जन्मभर ऐकला होता. पण तो इतका गोड असतो, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मामांची हकिगत साधी होती. ताई बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली होती, दाजी दिवसभर बाहेर, आणि पाळणाघरात जागा मिळायला अजून अवकाश होता. मास्तरांना सुट्टी होती. म्हणून भाचीला सांभाळायला ते आपल्या गावाहून इथे आले होते. शाळा उघडली की परत जायचं. भाचीचं नाव घरात मुंगी पडलं होतं, कारण जमिनीवर सांडलेला कणही तिच्या नजरेतून सुटत नसे.

तेवढ्यात मुंगीने ओठ काढले. तिची जेवायची वेळ झाली होती. मास्तरांनी बाकावर बसून पिशवीतून डबा काढला, चमचा काढला, थेंबभर घास आपल्या ओठाला लावून गरम तर नाही ना ते पाहिलं, आणि "आ…" करताना स्वतःच केवढा तरी आ वासला. ठिणगीच्या हातातली वायर हातातच राहिली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले बाबाही बघत होते. नुसते बघत नव्हते, मुंगीबरोबर त्यांचं तोंडही उघडत होतं आणि मिटत होतं.

बाबांचं असं झालं होतं की त्यांचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढून टाकले होते, आणि हिरड्या भरेपर्यंत नवी कवळी मिळणार नव्हती. तेव्हापासून त्यांनी जेवणाशी उभा दावा मांडला होता. ठिणगी जळालेली मोटर डोळे मिटून गुंडाळेल, पण स्वयंपाकघरात तिचा हात चालत नसे. ती बाबांना रोज सूप करून द्यायची. बाबांच्या मते ते सूप म्हणजे भाज्यांनी आंघोळ केलेलं पाणी. थट्टा ते अजून करत, पण पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं, आणि जिना चढताना ते मध्येच थांबू लागले होते. ठिणगीला आईही नव्हती. हा एक माणूस असा ताटावरून उठून जायला लागला की तिलाही घास जात नसे.

"काय आहे हो त्यात?" बाबांनी शेवटी विचारलंच.

"लाल भोपळा आणि बटाटा. वाफवून काट्याने कुस्करलाय. तिच्याच दुधात थोडा सैल केलाय." मास्तरांनी बाबांकडे पाहिलं, त्यांच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं आणि काही न विचारता डब्याच्या झाकणात थोडं काढून पुढे केलं. "हे वेगळं ठेवलंय, यात दूध घातलेलं नाही. बघा बरं."

बाबांनी चाखलं. "मीठ नाही!"

"वर्षाच्या आतल्यांना मीठ नाही, साखर नाही. तुम्ही वर्षाचे झालात?"

"गेल्याच आठवड्यात!" बाबा म्हणाले, आणि टेबलाच्या खणातली मिठाची पुडी काढून त्यांनी झाकण चाटूनपुसून लख्ख केलं. ठिणगी पाठ फिरवून पंख्याच्या स्क्रूशी खेळत बसली. डोळे भरून आले तर ते गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचे?

मिक्सर तिने जीव ओतून दुरुस्त केला. नवं वाइंडिंग, नवे बुश, पात्यांना धार. शेवटी दुकानाच्या रिवाजाप्रमाणे प्लगच्या पिनांवर निळी टेप घट्ट गुंडाळली. नेताना पिना वाकू नयेत म्हणून बाबांनी ही पद्धत पाडली होती. त्या टेपेला ते टोपडं म्हणत. घरी गेल्यावर गिऱ्हाइकाने टोपडं फाडायचं आणि मिक्सर लावायचा. मास्तर मिक्सर घेऊन गेले, आणि दुकान उगीचच मोठं वाटू लागलं.

दोन दिवसांनी ते पुन्हा दारात. झोळीत मुंगी, काखेत मिक्सर.

"काय झालं? चालत नाही?" ठिणगीने हातातलं काम बाजूला टाकलं. तिचं काम आजवर परत आलं नव्हतं.

"चालतो ना. फारच चालतो. तीच तर पंचाईत आहे." मास्तरांनी घसा साफ केला. "इतकं गुळगुळीत वाटतो की मुंगी थुंकून टाकते. तिला आता दोन दात आलेत. जिभेला, हिरड्यांना काहीतरी काम हवं, बारीक बारीक गुठळ्या हव्यात. तर… जरा बिघडवून द्याल का?"

ठिणगी भडकली. "बिघडवून? अहो, लोक माझ्याकडे दुरुस्त करायला येतात! हात धुऊन मागे लागतात! आणि तुम्ही—"

आणि तिचं लक्ष प्लगकडे गेलं.

निळं टोपडं जसंच्या तसं होतं. तिच्याच हातची घडी, तिनेच दुमडलेलं टोक. हा मिक्सर भिंतीतल्या भोकाच्या जवळपासही गेला नव्हता.

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार आवडीने बघत होते. कानाच्या पाळ्या मात्र गाजरासारख्या झाल्या होत्या.

"बिघडवायला वेळ लागतो," ती हळूच म्हणाली. राग कुठच्या कुठे गेला होता. "दुरुस्तीपेक्षा जास्त. पाती जपून बोथट करावी लागतात. ठेवून जा… आणि मधून मधून चौकशीला येत चला."

"रोज आलो तर चालेल?"

"बाबांचं जेवणही बघा मग. मिक्सर अडकवून ठेवलाय तुमचा, तेवढं तरी…"

"तेवढं तरी!" मास्तर गंभीरपणे म्हणाले.

मग ते रोज येऊ लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुनी विजेची शेगडी होती. तिच्यावर आधी ठिणगी सोल्डरची डबी ठेवायची, आता पातेल्यावर चाळणी बसली. मास्तर सफरचंदाच्या फोडी वाफवायचे, अंगठा आणि बोटाच्या मध्ये एक फोड दाबून बघायचे. सहज चेपली तरच मुंगीला. मटाराची सालं निघेपर्यंत ते चाळणीवर घासत राहायचे. केळं काट्याने कुस्करताना त्यांची जीभ दातांत यायची. घाई कसली ती नाहीच. ठिणगी दारात टेकून ते हात बघायची. नकाशे काढणाऱ्या माणसाचे हात, बटाट्याचा एक कण बोटाने पुसून पुन्हा वाटीत टाकणारे. किती माया असते काही लोकांच्या हातात, तिला वाटायचं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

"मलाही शिकवा," एकदा ती म्हणाली. बाहेर पाऊस लागून राहिला होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"तुम्हाला? तुम्ही मोटर गुंडाळता!"

"मोटर 'आणखी दे' म्हणत नाही."

त्यांनी तिच्या हातात काटा दिला. तिने नाशपातीवर असा जोर लावला की अर्धी फोड बाबांच्या मांडीवर.

"अहो, हळू. तिने काही केलं नाहीये तुमचं." मास्तरांनी तिच्या मनगटाला बोट लावलं न लावलं, आणि काटा थोडा आडवा केला. "असा… नुसता टेकवायचा. पिकलेलं फळ आपणहून बसतं."

ठिणगीला शॉक लागण्याची सवय होती. हा जरा निराळा होता.

"आणि यात पपई घालू का?" तिने पटकन विषय बदलला.

"छे! नाशपाती ती आज पहिल्यांदा खातेय. एका वेळी एकच नवीन गोष्ट. तीही चमचाभर. मग काही दिवस थांबायचं, सोसते का बघायचं. घाईने दोन-दोन दिल्या आणि काही बिनसलं, तर कशाने बिनसलं ते कळत नाही."

"फार सावध आहात."

"आवडीच्या बाबतीत," मास्तर म्हणाले, आणि वाटीत डोकं घालून बसले.

मुंगी मास्तरांशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसे. ठिणगीने चमचा पुढे केला की ती ओठ शिवून टाकायची. बाबा मात्र दोघांच्याही हातचं खाऊ लागले होते. पट्टा जुन्या भोकावर आला. वर लोणी आणि मिरपूड घालून घेताना ते मुंगीला डोळा मारत.

पण दिवस काय बसून राहतात? पाळणाघरातून जागा झाल्याचा निरोप आला. शाळा सोमवारी उघडणार होती. बाबांची कवळीही आली. सगळे बहाणे एकदमच संपायला निघाले होते, आणि मास्तर काही बोलत नव्हते. ठिणगी मिक्सरकडे बघायची. हा एकदा काखेत गेला की त्यांना परत यायला काय कारण उरणार होतं? आणि आपण तरी काय म्हणून बोलवायचं?

कवळी बाबांना टोचत होती म्हणे. खणात पडून होती. शनिवारी सकाळी ठिणगी मागच्या खोलीत गेली, तर आतून कुरुम कुरुम आवाज. बाबा दाराकडे पाठ करून टोस्ट खात होते. सगळे दात तोंडात.

"बाबा!"

"अगं… आत्ताच घातली."

"टोचते ना?"

"लोण्यासारखी बसली आहे," बाबांनी शरणागती पत्करली. "पण मी दात घातले तर मास्तर डबा कुणासाठी आणतील? मी म्हातारा माणूस जमेल तेवढं केलं, ठिणगे. आता पुढचं तू बघ. का मी कवळी गिळून टाकू?"

दुपारी मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, झोळीत मुंगी, हातात नाशपाती. "उद्या निघतो," ते म्हणाले. "मिक्सर… झाला का बिघडवून?"

ठिणगीने मिक्सर काउंटरवर ठेवला. प्लग उचलून त्यांच्यासमोर धरला.

"हे टोपडं मी बांधलं होतं. पहिल्या दिवशी. तेव्हापासून कुणी सोडलेलं नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. मग हळूहळू चष्म्यामागे काहीतरी उजळलं. "तुम्हाला… केव्हापासून माहीत आहे?"

"बिघडवून मागितलात तेव्हापासून."

"मग इतके दिवस तुम्ही त्याचं काय करत होता?"

"धूळ पुसत होते," ती म्हणाली. "तुम्ही यावं म्हणून ठेवला होता. मला तुम्ही आवडता, मास्तर. तुम्ही बाबांना झाकणातून पहिला घास दिलात ना, तेव्हापासून. आता गावाला जायचं तर जा, पण हे ऐकून जा."

मुंगी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"मी थांबलो होतो," मास्तर म्हणाले. शब्द अडखळत होते. "एका वेळी एकच… आधी मिक्सर, मग डबा. म्हटलं, घाई केली आणि बिनसलं तर… घरी मी काट्यानेच कुस्करतो. मिक्सर फक्त तुझ्याकडे यायला होता."

'तुझ्याकडे' म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. परत मात्र त्यांनी घेतलं नाही.

"शाळा?" तिने विचारलं.

"बसने दोन तास. दर शनिवारी शाळा दुपारीच सुटते. संध्याकाळी मी या बाकावर असेन. चालेल?"

"धावेल," ठिणगी म्हणाली. तिने टोपड्याचं टोक नखाने उचललं आणि टेप सर्रकन फाडली. "पण आधी माझं काम बघा. इतके दिवस उगाच बदनाम केलंत."

नाशपाती वाफवली, निवू दिली, मगच भांड्यात घातली. झाकणावर दोघांनीही हात ठेवले. एकाचाही पुरला असता. मिक्सर असा फिरला की बस्स. फळाचं रेशीम झालं. मास्तरांनी चमचा भरला, मुंगीने आ केला… आणि सगळं इस्त्रीच्या शर्टावर थुंकून टाकलं.

"बघ!" मास्तर ओरडले. "खोटं नव्हतो बोलत!"

ठिणगी हसत हसत उठली. उरलेली फोड तिने वाटीत घेतली, काटा आडवा धरला, जोर न लावता नुसता टेकवला. फोड आपणहून बसली. चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन तिने ओठाला लावून पाहिलं, आणि पुढे केलं. या वेळी तिने स्वतःही आ वासला होता, केवढा तरी, आणि त्याची तिला शुद्ध नव्हती.

मुंगीने तिच्याकडे पाहिलं. चमच्याकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं.

आत टोस्ट मोडल्याचा आवाज आला, आणि बाबांनी विचारलं, "अगं, मास्तर शनिवारी जेवायलाच येतील ना?"