तोंडापुढचा पुठ्ठा

"अहो, दार लावून घ्या! …ऐकू येत नाही का?"

कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडमच्या तोंडून हे निघावं, आणि तेही एका जन्मबधिर माणसाला! सोबतच्या भाचीनं बाही ओढली तेव्हा तो वळला, मॅडमचा चेहरा बघून काय ते समजला आणि कानाकडे बोट दाखवून हसला. मॅडम लाजेनं अर्धमेल्या झाल्या.

तो सुतार होता. भाचीही जन्मबधिर; तीन वर्षांची, तिला ऐकू यावं म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिच्या कानामागे नवंकोरं यंत्र, त्याच्या कानामागे पेन्सिल. दर मंगळवारी दोघं यायची. आवाज ऐकू आला की मुलांनी खुंटीत घालायच्या रिंगा त्यानं उरलेल्या लाकडातून करून आणल्या, इतक्या गुळगुळीत की मॅडमच त्या हातात घोळवत बसायच्या.

मुलांनी ओठ न बघता ऐकावं म्हणून मॅडम बोलताना तोंडापुढे पुठ्ठा धरायच्या. त्याच्यासाठी मात्र तो खाली यायचा.

"सगळ्यांचे ओठ वाचता येतात तुम्हाला?"

त्यानं वहीत लिहिलं, 'काहींचे नुसतेच बघावेसे वाटतात.'

"चावट!"

तेही त्यानं वाचलं.

पण भाची काही बोलेना. घंटा वाजली तरी तिची नजर मामाच्या खुणा करणाऱ्या हातांवर. शेवटी मॅडमनी तिच्या आईला सांगितलं, "वर्षभर घरात खुणा बंद. फक्त कानांनी ऐकू दे तिला."

"मग दादाचं काय? त्याचे हात बांधून ठेवू?"

समोर बसून त्यानं सगळं वाचलं होतं. त्याच आठवड्यात तो बहिणीचं घर सोडून आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात राहायला गेला.

महिन्यानं चिठ्ठी आली. 'दुसऱ्या शहरात काम मिळतंय. मंगळवारी दाराच्या काचेतून बघेन. थांबा म्हणालात तर इथेच वेगळं बिऱ्हाड करू… दोघांचं.'

मंगळवारी भाचीची आई पाणी आणायला गेली होती, तेवढ्यात तो काचेपाशी दिसला.

"थांबा… अहो, थांबा ना! मला तुम्ही हवे आहात!"

तो बघत राहिला. मग मान खाली घालून निघून गेला.

मॅडमना कळेना. आणि मग हात दिसला — स्वतःचाच. पुठ्ठा तोंडापुढे होता. दहा वर्षांची मेली सवय!

त्या दाराकडे धावल्या, तोच मागून जाडाभरडा, इवलासा आवाज आला.

"थांबा."

भाचीनं रिंग खुंटीत घातली. "थांबा."

दारात तिची आई उभी होती. "दादा आत्ताच निघा—" म्हणता म्हणता तिनं लेकीचा आवाज ऐकला आणि रडत मॅडमच्या गळ्यात पडली. "बोलली हो! मॅडम, तुमचा नियम खरा ठरला!"

खरा ठरला होता. तो जवळ राहिला तर पोर पुन्हा त्याच्या हातांकडे वळणार होती. आता कुठल्या तोंडानं त्याला परत बोलवायचं?

मॅडमनी फाईलमध्ये पहिला शब्द लिहिला, तारीख घातली. मग मुलीसमोर बसल्या आणि पुठ्ठा पुन्हा तोंडापुढे धरला. ओठ थरथरत होते… ते कुणाला दिसायला नको होते.