बत्तीस टाके

"टाके कुठायत?"

मी फोटो काउंटरवर आपटला. लॅबवाल्या काकांच्या खुर्चीत आज त्यांचा भाचा बसला होता. पहिल्यांदाच पाहत होते त्याला. चेहरा इतका शांत, की माझं डोकं आणखीच फिरलं.

"कसले टाके?"

"या पाठीवरचे!"

"ते होय... पुसले. डाग होता तो—"

"डाग तुमच्या अकलेवर असेल!"

मी बायकांचे फोटो काढते. त्यांच्याच निजायच्या खोलीत, त्यांना हवे तसे. माझी मावशी त्याला 'नको ते धंदे' म्हणते. आणि लोक धरूनच चालतात, की फोटो नवऱ्यासाठीच असणार. का? बाईला स्वतःकडे बघायला परवानगी लागते?

या फोटोतल्या बाई गणित शिकवतात. मणक्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं पलंगावर पडून होत्या. त्याच पलंगावर रेशमी गाऊन कमरेपर्यंत सोडून, पाठमोऱ्या बसल्या. "माझ्यासाठी हवाय. टाक्यांसकट," म्हणाल्या. आणि या शहाण्याने त्यांची दोन वर्षं पुसून टाकली! पाच वाजता त्या फोटो न्यायला येणार होत्या.

"त्यांनी सांगितलं होतं पुसायला?"

"नाही... सगळ्याच सांगतात. हात आपोआप जातो."

"मग आवरा तो हात."

त्याने मूळ फोटो पुन्हा छापायला लावला. यंत्राच्या उकाड्यात मी गळ्याभोवतीची ओढणी घट्ट केली.

"गरम होत नाही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. मघाशी भांडताना घसरली होती... मानेवरचं कोड दिसलं." तो हळूच म्हणाला, "पुसणारा मी एकटाच नाही, एवढंच."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोटो उचलला आणि दार आपटून निघाले.

पाच वाजता बाईंनी फोटोवरून सावकाश बोट फिरवलं. "बत्तीस. सगळे आहेत," म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मला मात्र त्या भाच्याचा राग येईना. माझ्या ओढणीचाच येत होता.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडताच गेले. ओढणी काढून काउंटरवर टाकली, कॅमेरा त्याच्या हातात दिला.

"काढा. पण एक ठिपका जरी गेला ना—"

"तर?"

"तर दुसरी लॅब बघेन."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला... पुन्हा खाली घेतला.

"थांबा जरा. हात अडलाय."

"तोच ना, आपोआप जाणारा?"

"आज कुठेच जात नाहीये," तो म्हणाला. "तुम्हीही जाऊ नका."