रिकाम्या खोलीची हवा

हवा मोजायचं यंत्र नीट चालतंय की नाही, हे बघायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे त्यावर फुंकर मारणं. माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड इतका असतो की पडद्यावरचा चारशेच्या आसपासचा आकडा बघता बघता हजारांत जातो. मोठमोठ्या इमारतींसाठी पंखे आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती अशीच मापकं जुळवण्याचं काम करायची. शेजारच्या टेबलापाशी एक वयस्क तंत्रज्ञ बसायचे. कुठलंही यंत्र आधी शून्यावर आणल्याशिवाय ते कुणाच्या नमस्कारालाही उत्तर देत नसत, म्हणून सगळे त्यांना शून्यकाका म्हणायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते यंत्र हातात देऊन सांगायचे, "फुंक. आकडा हलला नाही तर दोनच शक्यता. एक तर यंत्र मेलंय, नाहीतर फुंकणारा." हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता की आता ती काकांचं मन राखण्यापुरती हसायची.

नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी घ्यायची हे तिचंच खूळ. अभ्यासक्रमाचे पेपर तिने कधीच देऊन टाकले होते. अडलं होतं ते प्रबंधावर. विषय तिने स्वतःच्याच कामातून उचलला होता. बंद खोलीतली हवा नुसती मोजून आत किती माणसं आहेत आणि ती काय करताहेत, हे सांगता येतं का? बसलेल्या माणसाचा आलेख सावकाश चढतो, येरझारा घालणाऱ्याचा भराभर, झोपलेल्याचा सगळ्यात हळू. सगळं जमत आलं होतं. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. महिनाअखेरीला प्रबंध गेला नाही, तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं पाणी पालथ्या घड्यावर.

"ते संपलं की तू येणार ना?" मुलगी अधूनमधून विचारायची. ती तिसरीत होती.

"अगं, मी इथेच तर आहे."

"तसं नाही. येणार ना?"

"येणार," ती म्हणायची. हे वचन तिने मनापासून दिलं होतं.

नवऱ्याने मागची छोटी खोली स्वतःच्या हाताने रिकामी करून दिली होती. जुन्या गाद्या, सायकल, तुटकी इस्त्री असं सगळं काढून तिथे खिडकीपाशी एक टेबल आणि दिवा ठेवला होता. "ही तुझी. इथे तुला कुणी हाक मारणार नाही," तो म्हणाला होता. ती तिथे जेमतेम पंधरवडा बसली असेल. मग तिला कोऱ्या खोलीची गरज पडली.

माणसांच्या खोल्या मोजायच्या तर जिच्यात कुणीच नाही अशी एक खोली शेजारी मोजावी लागते. बाकी सगळं तिच्याशी ताडून बघायचं. विद्यापीठातल्या खोल्यांत कुणी ना कुणी दार उघडून डोकवायचंच. म्हणून एका रविवारी तिने आपलं टेबल सरकवत सरकवत बाहेरच्या खोलीत आणलं, मागच्या खोलीत मधोमध एका स्टुलावर मापक ठेवलं, खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि दार लावून त्याच्याही चारी कडांवर पट्टी मारली. मापकाचे आकडे बाहेर तिच्या लॅपटॉपवर दिसायचे.

"म्हणजे तुझ्यासाठी रिकामी केलेली खोली आता रिकामीच ठेवायची?" नवऱ्याने विचारलं.

"रिकामी नाही. कोरी."

"बरं. निदान ती खोली तरी माझ्याशी भांडणार नाही."

पहिले काही दिवस आलेखाची रेघ सरळ होती. आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच. मग एका संध्याकाळी ती कामावरून येऊन लिहायला बसली आणि तिच्या लक्षात आलं, की मागच्या खोलीची रेघ चढते आहे.

हवा गळत असणार. बाहेर तिघं श्वास घेतात, त्यातला थोडा दाराखालून जात असेल. तिने पट्टीवर दुसरी पट्टी मारली. दुसऱ्या संध्याकाळी रेघ पुन्हा चढली. तिने नवराबायकोत आधी जे होतं ते केलं, म्हणजे नवऱ्यावर संशय घेतला.

"तू दार उघडलंस?"

"त्या दाराला हात लावायची माझी छाती आहे का?" तो म्हणाला. "पट्टी बघ ना."

पट्टी जशीच्या तशी होती. मग मापकाची पाळी आली. तिने ते काढून कारखान्यात नेलं. काकांनी फुंकर मारली, आकडा उडाला. तिने मारली, उडाला. प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या वायूवरही ते चोख निघालं. "यंत्र ठणठणीत आहे," काका म्हणाले. "तूच जरा उतरलेली दिसतेस. घरी जाऊन झोप काढ." तरी तिने दुसरं मापक बसवलं. रेघ तशीच चढली.

ती गुपचूप आलेख बघत राहिली. ती कामावर असताना रेघ खाली यायची आणि बाहेरच्या हवेशी जाऊन टेकायची. ती घरी येऊन टेबलापाशी बसली, की थोड्या वेळाने हलकेच उचलायची. गळतीची रेघ अशी नसते. तिने इतकी वर्षं याच रेघा पाहिल्या होत्या. चढाचा वेग काढायला तिला कागदही लागला नाही.

एक माणूस. बसलेला. काम करणारा.

घाबरावं असं तिला वाटलं नाही, हेच तिला नंतर चमत्कारिक वाटलं. तिला फक्त वैताग आला. महिना सरत आला होता आणि तिची कोरी खोली कोरी नव्हती.

मुलीने मात्र तेवढ्यात एक नवीन सवय लावून घेतली होती. संध्याकाळी ती आपलं दप्तर घेऊन त्या बंद दाराशी जाऊन बसायची. पाठ दाराला टेकवून पाढे म्हणायची. मध्येच अडायची, थांबायची, मान हलवायची आणि चूक सुधारून पुढे जायची.

"तिथे जमिनीवर का बसतेस? इथे ये माझ्याजवळ."

"इथे बरं वाटतं," मुलगी म्हणाली. "तिथे गार आहे."

तिच्या मार्गदर्शक सरांनी आलेख चष्मा वर करून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला. "बाई, ही तुमची रिकामी खोली?"

"हो, सर."

"यात माणूस आहे." ते असं म्हणाले, जणू एखादी बेरीज चुकली आहे. "आणि आलेख फार सुरेख आहे. एकट्या बसलेल्या माणसाचा असा आलेख तुमच्याकडे नव्हता, तो झाला. पण कोरी खोली कुठे आहे? तिच्याशिवाय मी सही करणार नाही. एखादी रिकामी खोली असेलच की तुमच्याकडे. शोधा."

ती बसमधून घरी येताना शोधतच आली. नव्याने मोजायला आता वेळ नव्हता, जे मोजून झालं होतं त्यातच काही सापडतंय का बघायचं. तिला आठवलं, की बाहेरच्या खोलीतही तिच्या टेबलावर एक मापक कायम चालू असतं. नवरा मुलीला घेऊन रविवारी सकाळी पोहायला जायचा, त्या वेळी बाहेरच्या खोलीत फक्त ती असायची. ते आकडे तिने कधी काढूनच पाहिले नव्हते. स्वतःचं काय मोजायचं?

तिने ते काढले. एकामागून एक रविवार.

बापलेक बाहेर पडले की रेघ उतरू लागायची. उतरून चारशेवर यायची आणि मग ते परत येईपर्यंत सरळ राहायची. वहीतल्या ओळीसारखी सरळ. त्या सगळ्या सकाळी ती त्या यंत्रापासून हातभर अंतरावर बसून लिहीत होती.

अशी नितळ कोरी खोली तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती.

मापक समोरच होतं. फुंकर मारून बघावी, असं तिच्या मनात आलं. पण मापन चालू असताना यंत्राजवळ फुंकायचं नाही, हा पहिला नियम. तिने तो पाळला.

आयुष्यात तिने कधी दशांश चिन्हानंतरचा एक आकडाही इकडचा तिकडे केला नव्हता. त्या संध्याकाळी तिने दोन खोल्यांची नावं बदलली. मागची खोली : एक व्यक्ती, बसून काम करताना. बाहेरची खोली : रिकामी. यात खोटं काय, हे तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. आकडे जे म्हणत होते तेच तिने लिहिलं होतं. आणि हे संपलं की तिला परत यायचं होतं.

सर खूश झाले. "आत बसलेल्या व्यक्तीचं वय आणि वजन लिहा म्हणजे झालं. कोण होतं?"

"घरातलंच," ती म्हणाली. आणि स्वतःचं वय आणि वजन लिहिलं. रेघेच्या चढाच्या वेगाशी ते तंतोतंत जुळलं. सरांनी सही केली. शेवटच्या पानावर, वरील सर्व निरीक्षणे सत्य आहेत या वाक्याखाली, तिने आपली केली.

प्रबंध दाखल करून ती घरी आली तेव्हा अजून उजेड होता. बऱ्याच दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. चप्पल काढली त्याचाही आवाज झाला नाही. नवरा आणि मुलगी मागच्या खोलीच्या दाराशी होते. तो पट्टी सोलत होता आणि मुलगी पट्टीचा गोळा करत होती.

"झालं," ती दारातून म्हणाली. "दिला."

कुणी मागे वळून पाहिलं नाही. पट्टी सोलताना आवाज होतो, म्हणून ऐकू गेलं नसेल.

दार उघडलं. कोंडलेली उबदार हवा बाहेर आली असणार, कारण मुलीच्या कपाळावरचे केस हलले. खोलीत ते स्टूल होतं आणि त्यावरचं मापक. खिडकीची काच खालच्या अर्ध्या भागात वाफेने धुरकटली होती, जिथे पूर्वी टेबल होतं तिथे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला.

मुलगी धावत आत गेली. खिडकीपाशी जाऊन ती एका बाजूला कलली आणि तशीच राहिली. आधाराशिवाय इतकं कलून कुणाला उभं राहता येत नाही.

"झालं ना?" मुलगी विचारत होती. "आता कुठे नाही ना जायचं?"

नवरा चौकटीला टेकून हसला. त्याचा चेहरा तिने कितीतरी दिवसांनी असा सैल पाहिला. "सुटलीस एकदाची," तो खोलीत बघून म्हणाला. "चला दोघी, हात धुऊन घ्या. मी पानं वाढतो."

तो तिच्या अगदी जवळून स्वयंपाकघरात गेला. आतून ताटांचा आवाज आला. एक, दोन, तीन.

मागच्या खोलीत मुलगी पाढे म्हणू लागली. अडली. थांबली. चूक सुधारून पुढे गेली.

ती आपल्या टेबलापाशी येऊन बसली. मापन संपलं होतं, आता नियम लागू नव्हता. तिने मापक जवळ ओढलं, छाती भरून श्वास घेतला आणि त्यावर सावकाश, पूर्ण फुंकर मारली.

चारशेवीस.

ती थोडा वेळ थांबली. चांगलं यंत्र होतं. काकांनी स्वतः तपासून दिलं होतं.

चारशेवीस.