अक्काची खोली

"मडीची साडी कुणी काढली वळणीवरून?"

भागीरथीअक्का ओल्या केसांनी अंगणात उभी, आणि कारिन त्याच साडीला इस्त्री करून, सुरेख घडी घालून, हसत पुढे धरत होती... मडीच्या, म्हणजे सोवळ्यातल्या, वस्त्राला असा हात लावायचा नसतो, हे त्या डेन्मार्कच्या मुलीला किती वेळा सांगायचे? आता साडी पुन्हा धुवायची, पुन्हा स्नान, आणि मगच स्वयंपाक!

धाकटा भाऊ सीतारामराव पेपरातून मान वर न करता म्हणाला, "सोड, अक्का. माझी लेक श्रीविद्या तिकडे हिच्या घरी राहून शिकतेय. ही इथून गेली तर तिलाही परत यावं लागेल. युनिव्हर्सिट्यांची अदलाबदल आहे ही."

"अदलाबदल तुमची, आणि आंघोळी माझ्या?"

त्याने पेपराचे पान उलटले, नेहमीसारखेच... एके काळी तिरुचीच्या कॉलेजात अक्कालाही जागा मिळाली होती. पण आजारी आईपाशी कुणीतरी हवे होते, म्हणून ती तंजावरलाच राहिली आणि तो शिकला. लग्नही राहून गेले. यंदा त्र्याण्णव साली परदेशची पाहुणी यायची ठरली, तेव्हा अक्काची खोली कुणी मागितलीसुद्धा नाही. नुसती रिकामी केली.

कारिनने मोडक्या तमिळमध्ये, आजीला हाक मारावी तसे विचारले, "पाट्टी, साडी ठेवते. तुमची खोली कुठली?"

"तू निजतेस ती."

"मग तुम्ही?"

अक्काने कोठीबाहेर, पहाटेच गुंडाळून ठेवलेल्या चटईकडे बोट केले. मुलीचा चेहरा उतरला. ती सीतारामरावांकडे वळली. "खोली रिकामी आहे म्हणालात. मी इथे राहणार नाही."

पेपर खाली आला. "अक्का, श्रीविद्येचं वर्ष जाईल... तू तरी समजाव हिला."

"काय समजावू? खोली मी राजीखुशीनं दिली म्हणून? मला विचारलं होतंस?"

सीतारामराव उठला. मग आत गेला, आपली गादी गुंडाळून बाहेर आला आणि ओसरीवर टाकून उभा राहिला. बाहीने त्याने डोळे टिपले.

"कॉलेजच्या वेळीही विचारलं नव्हतं, अक्का... माझी खोली तू घे. आणि श्रीविद्येसाठी हिला ठेवून घेशील? तुला जमेल?"

अक्काचे डोळे भरून आले. तिने ते पदराने रागारागाने पुसले.

"राहा ग," ती कारिनला म्हणाली. "आता मला विचारलंय."

मग भावाकडे वळली. "आणि तू रडत काय उभा? मच्छरदाणी बांध. डास विचारून चावत नाहीत."