चार कोपरे

घड्याळजीच्या बायकोला पांढरा दोरा हवा होता, एवढंच. बुधवारची दुपार, दोऱ्याचं दुकान बंद, आणि हातातलं काम अर्धवट टाकून उठायचं म्हटलं की तिच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून तिनं सासूबाईंचा शिवणाचा डबा उघडला. सासूबाईंना जाऊन अकरा महिने झाले होते. तेव्हापासून त्या डब्याला कुणी हात लावला नव्हता.

या बाईला सगळे मुंगी म्हणत. नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. चणीनं एवढीशी आणि दिवसभर नुसती इकडून तिकडे. नवरा मात्र इतका उंच, की स्वतःच्याच दुकानाच्या दारातून वाकून आत जायचा. त्या ताडमाड माणसाच्या हृदयाची एक झडप बिघडली होती आणि रविवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. "जगाची घड्याळं मी उघडतो," तो म्हणायचा, "आणि माझं उघडायला दुसरा कारागीर लागतोय बघ." ती हसायची. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची, ते त्याला कळू द्यायची नाही.

शनिवारी सिनेगॉगमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना व्हायची होती. त्या वेळी त्याच्या खांद्यांवर आपल्या हातची शाल असावी, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. प्रार्थनेची शाल, तालेथ. जुनीला कसर लागलेली. मुंगीनं शुभ्र लोकरीचं कापड आणून काठ घातले होते. आता चार कोपऱ्यांवर चार चौकोनी तुकडे शिवायचे आणि त्यांतून गोंडे ओवायचे, एवढंच राहिलं होतं. पण शुक्रवारी दिवस बुडायच्या आत. यहुदी घर ते; शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. मग सुई नाही, कात्री नाही, चूल पेटवणंसुद्धा नाही.

डब्याच्या तळाशी एक लाकडी रीळ निघालं. धाग्याचा रंग सायीसारखा, पीळ घट्ट, हाताला गारगार. 'इतका छान दोरा लपवून ठेवलात होय!' ती मनातल्या मनात सासूबाईंना म्हणाली. दिवेलागणीपर्यंत दोन कोपरे शिवून झाले.

गुरुवारी सकाळी दोन्ही कोपरे उसवलेले होते.

ओढून तोडलेले नव्हेत हं. एकेक टाका सोडवून, धागा सरळ करून, परत रिळावर नीट गुंडाळलेला. मुंगीनं तडक नवऱ्याला गाठलं.

"अहो, हे तुमचे उद्योग का? झोप लागत नाही म्हणून?"

"मी?" त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "अगं, मला शर्टाचं बटण लावता येत नाही." मग शालीकडे बघून तो जरासा हसला. "आईची आठवण झाली बघ. तीसुद्धा तुझं शिवण असंच उसवायची."

ते खरंच होतं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सासूबाईंनी तिच्या हातचं एकही शिवण पास केलं नाही. "वाकडं गेलंय, मुंगे. पुन्हा." जवळ बसून सगळं उसवायच्या, धागा परत तिच्या हातात द्यायच्या. आणि रात्री जेवताना कोंबडीचा चांगला तुकडा गुपचूप तिच्याच ताटात टाकायच्या. अशी ती बाई. बोलायला कडक, जीव लावायला वेडी.

गुरुवारी दुपारी मुंगीनं पुन्हा शिवायला घेतलं. या खेपेला दुहेरी टाका घातला. अडीचच्या सुमारास तिनं शाल खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवली आणि रश्श्यावरचा फेस काढायला स्वयंपाकघरात गेली. कोंबडी, गाजरं, कांदे, मंद आच. घरभर तो ओला, उबदार वास भरला होता. आणि त्या वासात हळूच दुसरा वास मिसळला. लवंगेचा.

रश्श्यात लवंग नव्हती. सासूबाईंची दाढ दुखायची, त्या सतत लवंग चघळत असत.

शेजारच्या खोलीतून आवाज आला. टक्... मग थोडा वेळ काही नाही... टक्... सुईचं टोक घालून टाका उचलल्यावर येतो तेवढाच, बारीक. हातात झारा तसाच धरून मुंगी दारापर्यंत गेली. खोलीत लख्ख ऊन होतं. खुर्चीवर शाल होती. आणि शालीच्या कोपऱ्यातून धागा वर निघत होता, सरळ, हातभर, कुणीतरी चिमटीत धरल्यासारखा. टेबलावरचं रीळ आपोआप सावकाश फिरत होतं.

मुंगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "सासूबाई...?"

रीळ थांबलं. पाच-सहा श्वास काहीच हललं नाही. मग ते पुन्हा फिरू लागलं.

ती पळाली नाही. पाय उचललेच नाहीत म्हणा. पण भीतीच्याही वर तिला राग आला, आणि रागाच्या खाली दुःख होतं ते भसकन बाहेर आलं. "माझ्या हातचं तुम्हाला कधीच पसंत पडलं नाही," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "नका पडू. पण या वेळी नको हो... त्याचं ऑपरेशन आहे. या वेळी तरी वाकडं चालवून घ्या ना..."

शेवटचा टाका सुटला. टक्.

शुक्रवारी मुंगी हट्टाला पेटली. 'बघतेच आता!' सकाळी पावाची कणीक मळून तिनं तीन पदरी वेण्या घातल्या, फुगायला ठेवल्या, आणि स्वयंपाकघरातच शाल मांडीवर घेऊन बसली. दुपारपर्यंत चारही कोपरे शिवून तयार. पाव भट्टीत सरकवायला ती जेमतेम मिनिटभर वाकली असेल. वळून बघते तर दोन कोपरे लोंबत होते, तिसऱ्याचा धागा निघत होता, आणि लवंगेचा वास इतका जवळ, की कुणी कानाशी श्वास घेतंय असं वाटावं.

ती खाली फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. दिवस मावळायला अडीच तास उरले होते. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात मोठ्या मावशी होत्या. गावातल्या यहुदी बायकांपैकी काहीजणी गेलेल्या बाईला शेवटची अंघोळ घालत, आणि कुणीही गेलं तरी त्याचे शेवटचे कपडे हातानं शिवत. मावशी त्यांच्यातल्या मुख्य, आणि सासूबाई त्यांचा उजवा हात. ज्यांचे आईबाप हयात आहेत त्यांनी या कामाकडे फिरकू नये, असा सासूबाईंचा दंडक होता. मुंगीचे दोघंही होते, त्यामुळे तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"रविवारी शिवायला बसायचंय," मावशी म्हणाल्या. "तुझ्या सासूकडे आमचं एक रीळ राहिलंय, ते न्यायला आले. आणि घड्याळजीला बघायला. अगं, रडतेस काय?"

मुंगीनं नुसती शाल पुढे केली. मावशींनी लोंबता धागा बोटांत धरला, चोळला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा कुठून काढलास?"

"डब्यातून... का हो?"

"पोरी, हे लिनन आहे. लोकरीला लिनन लावायचं नाही, आपल्यात मनाई आहे, हे तुला ठाऊकच आहे." पुढचं बोलायला मावशींना जड गेलं. "आणि हेच आमचं रीळ. मेलेल्यांच्या कपड्यांचं. त्याशिवाय या धाग्यानं आम्ही काहीच शिवत नाही."

मुंगीला आता कळलं. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर ती तीन दिवस कफनाचा धागा चढवत होती. आणि तीन दिवस त्याची आई तो उतरवत होती.

"सासूबाई," ती खुर्चीकडे वळून म्हणाली, "चुकलं हो माझं. मी काय काय बोलले तुम्हाला..."

उरलेला लिननचा धागा मावशींनी निपटून काढला, रीळ पिशवीत टाकलं, आणि शालीच्याच कापडाच्या कडेचे लोकरीचे धागे ओढून सुईत ओवले. "बघत काय बसलीस? दोन कोपरे तुझे, दोन माझे." घड्याळजीही दुकान बंद करून आला. बटण न लावता येणाऱ्या त्या माणसानं गोंड्यांच्या गाठी मात्र घड्याळाच्या नाजूक चाकांइतक्याच निगुतीनं मारल्या. मधेच पाव भट्टीतून निघाले, शेवटची गाठ पडली, आणि मुंगीनं वेळेत दिवे लावले. शनिवारी शाल त्याच्या खांद्यांवर होती. एक टाका हलला नाही.

रविवारी ऑपरेशन ठरल्यापेक्षा दोन तास जास्त चाललं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते. "मधे एकदा आम्हाला वाटलं, गेला हातातून," ते म्हणाले. "पण आला परत." मुंगीनं त्यांचे हात धरले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

बाराव्या दिवशी घड्याळजी घरी आला. पहिल्याच संध्याकाळी मावशी आल्या. तो आतल्या खोलीतून ओरडत होता, "अगं, रस्सा अजून आहे का? आणि या वेळी जरा मीठ घाल, मी आजारी आहे, माझी जीभ नाही!" मुंगी हसत वाटी भरायला उठली. मावशींनी तिचा हात धरून खाली बसवलं.

"तुला सांगू की नको, असं चाललंय दोन आठवडे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्या कपाटात तयार कपड्यांचे आठ संच असतात. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही कपाट उघडलं तर नऊ निघाले. नववा सबंध उसवलेला होता. तुकडे घडी घालून ठेवलेले, धागा गुंडाळून वर ठेवलेला."

मुंगीचे डोळे भरून आले. "त्याच आल्या असतील..."

"उसवायला तीच. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ऐक. आमचे सगळे संच एका मापाचे. हा हातभर जास्त लांब होता. एवढा उंच माणूस आपल्यात एकच आहे." मावशींनी आतल्या खोलीकडे बघितलं. "आणि तो शिवला कुणी? मी एकेकीला विचारलं. आमच्यापैकी कुणीच नाही... किल्ली तर माझ्याकडेच असते."

आत चमचा वाटीवर वाजत होता. "रस्सा!"

"आले, आले!" मुंगी ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ते तुकडे कुठे आहेत?"

"तिथेच. हात लावायला कुणी धजत नाही. मी रोज सकाळी उघडून बघते." मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "आज एका बाहीला चार टाके पडलेले होते..."

मुंगी त्यांच्याजवळ सरकली. "चार?"

"चार," मावशी म्हणाल्या. "काल सहा होते. दोन रात्रीत उसवलेत."