एक धक्का, दोन निकाल

दोन शिट्ट्या एकदमच वाजल्या.

शाळेच्या बास्केटबॉल सामन्यात बॉल घेऊन धावणारी मुलगी समोरच्या मुलीवर आदळली होती. अलीकडे पंच म्हणून उभ्या असलेल्या तरुणीने दोन्ही हात कमरेवर ठेवून खूण केली — चूक अडवणारीची. पलीकडच्या पंचाने नेमकी उलटी खूण केली — चूक धावणारीची! तो गणिताचा मास्तर. तिच्या जोडीला आज पहिल्यांदाच आलेला.

"अहो, दोघांनाही चष्मे द्या!" प्रेक्षकांतून आरोळी आली. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला. तिचे कान लालबुंद झाले.

सामना संपल्यावर बॉल जाळीत भरता भरता तिने त्याला गाठलंच. "मास्तर, दोघांची शिट्टी वाजली की हात वर धरून थांबायचं. आधी जोडीदाराकडे बघायचं, मग खूण करायची. एवढं साधं..."

"बघत होतो की."

"कुठे?"

"तुमच्याकडेच. म्हणून तर धक्का नीट दिसला नाही."

तिला रागवायचं होतं. पण हसूच फुटलं, मेलं नको तेव्हा!

त्या वर्षी नियमही बदलले होते. संघाचे ठरावीक फाउल झाले की समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळत, आणि त्या फाउलांची मोजणी आता अर्ध्या सामन्याऐवजी दर क्वार्टरला नव्याने सुरू व्हायची. मास्तर गणिताचा असून त्याच्या डोक्यातून जुना हिशेब जाईना. नव्या क्वार्टरच्या पहिल्याच फाउलला तो फ्री थ्रो द्यायला निघाला की ती लांबून नुसती भुवई उचलायची, आणि तो गपकन थांबायचा. हळूहळू शिट्टी वाजली की नजरा आपोआप भिडू लागल्या... मग शिट्टी न वाजताही.

अंतिम सामन्याआधी पंचांच्या बैठकीत पंच मंडळाच्या चिटणीसबाईंनी आणखी एक बदल वाचून दाखवला : पुढच्या वर्षीपासून एकाच घरातले दोन पंच एका सामन्याला नेमायचे नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरची मान मात्र हलली नाही. अंतिम सामन्यात त्याने एकही चूक केली नाही, आणि एकदाही तिची थट्टा केली नाही. तिला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. दारातच तिने विचारलं, "काय बिनसलंय?"

"तो नियम..." तो बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला. "मला तुम्हाला एक विचारायचंय. पण तुम्ही हो म्हणालात, तर आपली ही जोडी मोडेल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर जोडी राहील. पण माझ्याच्याने शिट्टी फुंकवणार नाही."

तिचा या खेळावर जीव होता. त्याच्यासोबत उभं राहून तर खेळ दुप्पट आवडू लागला होता, आणि तेच आता सोडायचं होतं. ती जराशी घुटमळली... मग म्हणाली, "पुढच्या वर्षी तू एका शाळेत, मी दुसऱ्या. ज्याचा सामना आधी संपेल, त्याने घरी जाऊन चहा टाकायचा."

'तू' ऐकून तो चपापलाच. "घरी... म्हणजे कुणाच्या?"

"आपल्या, मास्तर! आपल्या!" असं म्हणत तिने त्याच्या हातातली छत्री ओढून घेतली आणि उघडून दोघांच्या डोक्यावर धरली.